बाळंतपणानंतर ट्रेनर जिमच्या फ्लोअरवर परतते तेव्हा

दंडबैठक

बाळंतपणानंतरच्या व्यायामावर मराठीत बरंच लिहून झालंय, पण ते सगळं व्यायाम करायला येणाऱ्या बाईसाठी. व्यायाम करवून घेणारी बाई, म्हणजे पर्सनल ट्रेनर, बाळंतीण झाली की तिचं काय, हे कोणी मांडत नाही. म्हणून हा धागा.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टर म्हणतात, "आता हलका व्यायाम चालू करायला हरकत नाही." ट्रेनर ऐकते, "आता कामावर जायला हरकत नाही." घोळ इथेच होतो. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर अर्ध्या तासाचं चालणं असतं. ट्रेनरच्या कामाचा दिवस कसा असतो ते बघा. एका क्लायंटला लेग प्रेस करवायचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन २० किलोच्या प्लेट. चढवताना ८० किलो, उतरवताना ८०, म्हणजे एका क्लायंटमागे १६० किलो हाताळले. असे पाच क्लायंट झाले की ८०० किलो, आणि तेही फक्त एका मशिनवर. त्यात खालच्या रॅकवरून डंबेल काढून देणं, बेंच सरकवणं आणि बेंच प्रेसला डोक्याशी उभं राहून बार धरणं मिळवा. शिवाय हे वजन कधी नीट पाय रोवून उचललं जात नाही. वाकून, अर्धं वळून, क्लायंटशी बोलता बोलता उचललं जातं. स्वतःच्या व्यायामात कोणतीही ट्रेनर असा फॉर्म चालवून घेणार नाही!

माझं म्हणणं एवढंच की फ्लोअरवरचं काम हाच त्या दिवसाचा वर्कआउट धरावा. ज्या दिवशी चार क्लायंट, त्या दिवशी स्वतःचा व्यायाम वीस मिनिटांचा आणि बिनवजनी. बहुतेक जणी उलटं करतात. काम करून दमतात आणि वर "माझं पोट कधी जाणार" म्हणून तासभर घाम गाळतात.

नॉर्मल बाळंतपण, टाके साधे आणि सगळं सुरळीत असेल तर परतीचा अंदाज असा. सहा आठवड्यांपर्यंत फ्लोअर नाही. सात ते नऊ आठवडे, दिवसाला दोन क्लायंट, मध्ये तासाभराची फट, बसायला स्टूल, ५ किलोच्या वरची प्लेट हातात घ्यायची नाही. दहा ते बारा, दिवसाला तीन-चार, १० किलोपर्यंत. पुढे तक्रार नसेल तर हळूहळू पूर्ण. सिझेरियन असेल तर यात निदान चार आठवडे मिळवा. यातले आकडे व्यवहारातले आहेत, दगडावरची रेघ नव्हे. लघवीचा थेंब सुटला, खाली जड वाटलं किंवा अंगावरून जाणं पुन्हा लाल झालं, की एक पायरी मागे.

कण्याची_काळजी

चांगला विषय. पोटाच्या तपासणीत होणारी चूक आधी सांगते, कारण ट्रेनर मंडळी ही तपासणी स्वतःची स्वतः करतात.

गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या पांढऱ्या पट्टीपासून लांब जातात, त्याला डायस्टॅसिस म्हणतात. तपासायचं असं: उताणं झोपून गुडघे दुमडायचे, बोटं आडवी बेंबीवर ठेवायची, श्वास सोडत फक्त डोकं आणि खांद्याची वरची कड उचलायची. दोन्ही स्नायूंच्या कडांमध्ये किती बोटं बसतात ते बघायचं. मग तेच बेंबीच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर आणि तेवढंच खाली. दोन बोटांपर्यंत असेल तर सहसा काळजी नाही.

चूक होते ती दोन ठिकाणी. ट्रेनरचं पोट ताकदवान, ती सरळ अर्धा क्रंच मारते. जास्त उचललं की कडा जवळ येतात आणि फट खऱ्यापेक्षा लहान दिसते. दुसरं म्हणजे सगळं लक्ष रुंदीवर. बोटं खाली किती रुततात, मधली पट्टी ताणून धरते की ओल्या कापडासारखी ढिली लागते, हे जास्त महत्त्वाचं. अडीच बोटं फट पण पट्टी घट्ट, असं पोट वजन नीट पेलतं. दीड बोट फट आणि पट्टी पोकळ, ते पेलत नाही. आणि मोजणारा हात दर वेळी एकच असू दे, माणसागणिक बोटं बदलतात.

व्यायाम जड झाला की नाही याची खूण डोळ्यांना दिसते. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो, पावाच्या लादीसारखा. प्लँक, लेग रेझ, पुल-अप, जड ओव्हरहेड प्रेस, यात तो आला की तो प्रकार आज नाही. प्रकार कायमचा वाईट नसतो. हात उंचावर ठेवून केलेला तोच प्लँक कदाचित उंचवट्याशिवाय जमेल.

सिझेरियनबद्दल एक गोष्ट प्रत्येक ट्रेनरने लक्षात ठेवावी. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी आतल्या कठीण आवरणाची ताकद मूळच्या जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त असते. सहा-सात महिन्यांनी ती ७३ ते ९३ टक्क्यांपर्यंत येते. वरची त्वचा पंधरा दिवसांत मिटलेली दिसते म्हणून फसगत होते. आणखी एक, हिप थ्रस्टचा, म्हणजे ओटीपोटावर बार ठेवून कुल्ले उचलण्याचा, बार बरोबर टाक्यांच्या रेषेवर बसतो. जाड पॅड लावूनही दुखत असेल तर बार सोडा, एका पायाचा ब्रिज (उताणं झोपून कुल्ले उचलणं) करा. जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून व्रणावर रोज पाच मिनिटं बोटांनी वर-खाली, आडवं आणि गोल असं हलकं चोळावं. नाहीतर तिथली त्वचा खाली चिकटते आणि हात वर ताणले की पोटात दोरी ओढल्यासारखं होतं.

आणि हो, "पाठीत इंजेक्शन दिलं म्हणून कंबर कायमची गेली" हा समज सोडून द्या. टोचल्या जागी काही दिवस हुळहुळतं. महिनोन् महिने दुखणारी कंबर बहुतेकदा बाळाला वाकून उचलणं, वाकडं बसून पाजणं आणि ढिलं पोट यांची असते.

अळीवखीर

पोट बांधण्याचं काय? घरोघरी सव्वा महिना पोट आवळून बांधतात. जिममध्ये परत गेल्यावर तोच पट्टा लावून काम केलं तर चालेल का?

कण्याची_काळजी

पहिले काही आठवडे, विशेषतः सिझेरियननंतर, खोकताना, उठताना, चालताना पट्ट्याचा आधार मिळतो. तेवढ्यापुरता चांगला. पण पट्टा फट मिटवत नाही, स्नायू मिटवतात. आणि फार आवळला तर पोटातला दाब वर आणि खाली जातो, खाली म्हणजे नुकत्याच ताणल्या गेलेल्या ओटीपोटाच्या तळावर, मूत्राशय आणि गर्भाशय खालून पेलणाऱ्या स्नायूंवर. पट्टा लावून पोटापर्यंत खोल श्वास घेता येत नसेल तर तो घट्ट आहे. दिवसातून काही तास पुरे, झोपताना काढायचा. पट्टा बांधून २० किलोची प्लेट उचलणं म्हणजे कमरेला वेटलिफ्टिंग बेल्ट लावून सगळा दाब गर्भाशयाच्या दिशेने लोटणं. "अंग बाहेर येणं" म्हणतात ते याच वाटेने होतं.

ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम ट्रेनर मंडळी क्लायंटना अगदी वरवर शिकवतात म्हणून नीट लिहिते. वायू आणि लघवी एकदमच रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, दहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. असं दहा वेळा, मग दहा झटपट. दिवसातून तीनदा. मांड्या, कुल्ले आवळले जाऊ नयेत, श्वास अडकू नये. सुरुवातीला दहा सेकंद जमत नाहीत, तीन-चार जमतात, तिथून वाढवा. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. कळण्यापुरतं एकदा ठीक, सवय लावली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

पण सरसकट सगळ्यांना हेच देऊ नका. काहींचा तळ ढिला नसतो, उलट सतत आखडलेला असतो. संबंधात दुखणं, शौचाला जोर करावा लागणं, "सोडा" म्हटलं की सोडताच न येणं, या त्याच्या खुणा. त्यांना आणखी आवळायला लावलं की त्रास वाढतो. त्यांना आधी श्वासासोबत सोडायला शिकवायचं. वर्षानुवर्षं पोट आत ओढून जगलेल्या ट्रेनरमध्ये हे चांगलंच आढळतं.

टेकडीवाला

सगळं पटलं, पण फार घाबरवताय असं वाटतं. मेरी कोमने जुळ्यांनंतर पुन्हा जागतिक सुवर्ण जिंकलं. सानिया मिर्झा परतली. बाई मुळात तंदुरुस्त असेल तर तीन महिन्यांत पळायला काय हरकत आहे?

दंडबैठक

अहो, तारखा बघा की. मेरी कोमची जुळी मुलं ऑगस्ट २००७ ची, आणि जागतिक सुवर्ण नोव्हेंबर २००८ चं. सानियाचं बाळ ऑक्टोबर २०१८ चं, परतीची स्पर्धा होबार्टला जानेवारी २०२०. दोघींचंही बाळंतपण ते परती सव्वा वर्ष! आणि हे देशातल्या पहिल्या फळीतल्या खेळाडूंचं. उदाहरण द्यायचंच तर पूर्ण द्या.

कण्याची_काळजी

तीन महिने ही पळण्याची किमान मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे. प्रसूतीनंतर पुन्हा धावण्याबद्दलची ब्रिटिश फिजिओंची २०१९ ची मार्गदर्शिका जगभर वापरतात, तिच्यातल्या चाचण्या ट्रेनरला घरच्या घरी करता येतात.

तीस मिनिटं सलग चालणं. एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. एका पायाचे स्क्वॉट प्रत्येकी दहा. जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग. पुढे झेपा दहा. एका पायावर जागच्या जागी उड्या प्रत्येकी दहा. एका पायावर उभं राहून पळण्याची हालचाल प्रत्येकी दहा. यातल्या एकातही लघवी सुटली नाही, खाली ओढ लागली नाही, दुखलं नाही, तर वाट मोकळी. ताकदीसाठी एका पायाचे काफ रेझ, एका पायाचा ब्रिज, एका पायावर खुर्चीतून उठणं आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, प्रत्येकी वीस. यात दोन बाजूंत मोठा फरक पडला तर कमजोर बाजूवर आधी काम.

उड्या शेवटी करा. मूत्राशय रिकामं करून सगळी परीक्षा पास होणं आणि पाणी पिऊन तासाभराने पास होणं यात फरक आहे. टेकडीवर दुसरंच घडणार असतं.

आणि टेकडी चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे टेकडीवाल्यांना सांगायला नको.

मनगटी

एक दुखणं ट्रेनरना हमखास गाठतं आणि त्याला "जुनी इंजुरी" समजलं जातं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला कळ. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की जीव जातो. बाळाला काखेत धरून उचलताना अंगठे ताणून उघडे राहतात, दिवसातून पन्नास वेळा, तिथल्या दोरीचं आवरण सुजतं. फिजिओकडे याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, इंग्रजीत आईचा अंगठा असंच नाव पडलंय.

उपाय उचलण्यात आहे. तळहात वर, बोटं जोडलेली, अंगठा बोटांना चिकटून, बाळाच्या बुडाखाली आणि मानेखाली ओंजळ करून उचला. पाजताना मनगट वाकवून डोकं पेलू नका, उशी घ्या. जिममध्ये काही दिवस केटलबेल, हॅमर कर्ल, सरळ हाताचा प्लँक बंद. पुश-अप डंबेलच्या मुठीवर किंवा मुठी मिटून. लॅट पुलडाउनला पट्टे वापरले तर पकड कमी लागते. अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट दोन-तीन आठवडे घातला तर बराच फरक पडतो. नाहीच पडला तर डॉक्टर. आणि अशा हातांनी बेंच प्रेसला स्पॉट द्यायला उभं राहू नये, बार सुटला की तो क्लायंटच्या छातीवर जातो.

खुराकवाली

आहाराचं. आमच्याकडे दोन टोकं आहेत. घरचे म्हणतात खा, जिम म्हणतं कापा.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० किलोकॅलरी जास्त, पुढचे सहा महिने ५२० जास्त धरल्या आहेत. प्रथिनं अनुक्रमे सुमारे १७ आणि १३ ग्रॅम जास्त. एक चाळीस ग्रॅमचा डिंकाचा लाडू साधारण २०० किलोकॅलरी. म्हणजे दोन लाडू आणि एक पेला म्हशीचं दूध झालं की सहाशे भरले. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री झोपताना एक आणि वर तुपातला शिरा, मग वजन हलत नाही म्हणून रडायचं, असं नको. लाडू खा, मोजून खा. त्यात ऊर्जा भरपूर पण प्रथिनं थोडी. दोन अंडी आणि वाटीभर घट्ट वरण जोडलं की प्रथिनांचा आकडा सतराच्या आसपास जातो.

उलट टोक म्हणजे परत फोटो टाकायचे म्हणून १२०० कॅलरीचा डाएट. दूध पाजत असताना आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जलद उतरवू नका. दूध नीट यायला लागेपर्यंत, म्हणजे पहिले दीड-दोन महिने, कॅलरी कमी करायच्याच नाहीत. व्यायामाने दूध आटतं हा समज आहे. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही आणि बाळाचं वजनही अडत नाही. आटतं ते उपाशी राहिल्याने आणि पाजायच्या वेळा चुकल्याने.

काम करणाऱ्या ट्रेनरसाठी: सेशनच्या लगेच आधी पाजा किंवा काढून ठेवा, छाती भरलेली असताना जंपिंग जॅक दाखवणं म्हणजे शिक्षा. आवळून धरणारी ब्रा दिवसभर घालू नका, गाठी होतात. सेशन संपलं की बदला. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजच्या आतल्या कप्प्यात चार दिवस टिकतं, दारातल्या कप्प्यात ठेवू नका. मात्र एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची खोली २५ अंशांची नसते. नागपुरात तर विचारूच नका. तेव्हा बर्फाची पिशवी आणि डबा.

हिमोग्लोबिन विसरू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. ट्रेनर त्यातून सुटलेली असते असं नाही, त्यात बाळंतपणातला रक्तस्राव. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी आहे, ती पूर्ण घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब. रक्त कमी असताना जिना चढताच छाती धडधडते आणि ट्रेनर म्हणते, "स्टॅमिना गेला, इंटरव्हल वाढवते." आधी रक्त तपासा. थायरॉइडही, कारण बाळंतपणानंतर तो वर-खाली होतो आणि त्याची लक्षणं झोप न झाल्यासारखीच दिसतात.

हिशेबवही

पैशांबद्दल कोणी बोललं नाही. ट्रेनर आपण नोकर आहोत की कंत्राटी, हे बहुधा गरोदर राहिल्यावरच तपासते.

जिम दहा किंवा जास्त माणसांचं असेल आणि तुम्ही पगारी असाल तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी. तिसऱ्यापासून १२ आठवडे. अट ही की आधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोयही मालकाची. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नाव असेल तर मातृत्वाचा लाभ मालकाऐवजी तिथून मिळतो, त्याला आधीच्या दोन अंशदान काळांत (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवसांचं अंशदान लागतं. पगारपत्रकात कपात दिसते का, हे लग्न ठरल्यापासूनच बघत जा म्हणते मी.

पण फ्लोअरवरच्या कित्येक पर्सनल ट्रेनर सेशनमागे टक्केवारीवर असतात, कागदावर "सल्लागार". त्यांना यातलं बहुधा काही मिळत नाही. मग उरतं ते स्वतःचं नियोजन. पाचव्या महिन्यापासून नवीन ३६ सेशनची पॅकेज विकू नका, १२ च्याच विका. आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे अजून न केलेलं काम, ते वेगळ्या खात्यात ठेवा. पॅकेज थांबवण्याची मुदत लेखी घ्या: किती महिने, कोणत्या तारखेपासून, बदली ट्रेनर मान्य आहे का आणि त्याची टक्केवारी कोणाला. तोंडी ठरलेलं टिकत नाही.

क्लायंट सोपवताना प्रत्येकाचं एक पानी कार्ड. चालू वजनं, मागच्या चार आठवड्यांची नोंद, जुनी दुखणी, कोणता व्यायाम का बंद आहे, औषधं, आणि तो कशाने नाराज होतो हेही. "गुडघा दुखतो" एवढं लिहून काही होत नाही. "उजवा गुडघा, ९० अंशांखाली स्क्वॉट नाही, बॉक्सवर टेकेपर्यंतचा स्क्वॉट चालतो" असं हवं. कार्ड चांगलं असलं की क्लायंट परत येतो, कारण मधल्या काळात त्याचं बिघडलेलं नसतं.

बॅच_साडेदहाची

बाळंतपण झालेल्या ट्रेनरला जिममध्ये सगळे सांगतात, "आता आयांची बॅच घे." कल्पना चांगली, पण आई होणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आपल्या टाक्यांचा अनुभव दुसरीच्या पोटाला लागू पडत नाही. मूळ प्रमाणपत्र चालू आहे का ते आधी बघा. एसीई आणि एनएएसएम या दोन्ही अमेरिकी संस्थांच्या ट्रेनर-प्रमाणपत्रांचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी असतं, ठरावीक तासांचं शिक्षण आणि चालू सीपीआर-एईडी (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं) प्रमाणपत्र लागतं. रजेत ही मुदत हमखास उलटते. मग गर्भावस्था आणि प्रसूतीनंतरचा वेगळा अभ्यासक्रम, आणि ओटीपोटाच्या तळावर काम करणारी एक फिजिओ ओळखीची, जिच्याकडे पाठवता येईल.

प्रवेशाच्या वेळी विचारायचं: प्रसूतीची तारीख आणि प्रकार, टाके कुठवर, चिमटा किंवा व्हॅक्यूम लागला का, बाळाचं वजन, रक्तदाब होता का, अंगावरून जाणं थांबलं का, लघवी-शौच सुटतं का, पाजते का, रात्री सलग किती झोप. सुटण्याबद्दल बायका आपणहून सांगत नाहीत. "शिंकताना, हसताना थेंब जातो का" असं साधं विचारलं की सांगतात.

वेळ साडेदहा ते सव्वाअकरा. सकाळी सहाची बॅच आयांना जमत नाही, ट्रेनरलाही नाही. सहा जणींपेक्षा जास्त नको, बाळं धरून बारा होतात.

पहिली आठ मिनिटं श्वास आणि तळ, उताणं मग बसून. मग पंधरा मिनिटं ताकद: खुर्चीतून उठणं १० ते १२, भिंतीवर पुश-अप ८ ते १०, रबराच्या पट्ट्याने रोइंग १२, ब्रिज १२, तीन फेऱ्या. श्वास जोर लावताना सोडायचा, तळ त्याच्या किंचित आधी उचलायचा. पुढे दहा मिनिटं घरचंच काम व्यायाम म्हणून: जमिनीवरून बाळ उचलणं, एका हातात ५ किलोची पिशवी घेऊन चालणं, जिना. हे बायकांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. मान, छाती, मनगट मोकळं करायला सात. बाकीची पाच मिनिटं कोणाचं तरी बाळ रडण्यात जातात, ती धरूनच चाला. वजन दर आठवड्याला थोडंच वाढवा, आणि ज्या आठवड्यात बाळाला ताप असेल त्या आठवड्यात अजिबात नाही.

"एकवीस दिवसांत पोट सपाट" अशी पाटी लावू नका. खोटी आहे, आणि ती वाचून येणारी बाई बाविसाव्या दिवशी जाते.

लगेच थांबवून डॉक्टरकडे पाठवायच्या गोष्टी पाठ असू द्या. एका पोटरीत दुखणं, सूज, गरमपणा. छातीत दुखणं किंवा दम. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणं. तासाभरात पॅड भिजेल एवढं अंगावरून जाणं. ताप आणि टाक्यांतून पाणी. यातलं काहीही "व्यायामाने मोकळं होईल" म्हणून चालवून घ्यायचं नसतं.

अळीवखीर

मनाचंही लिहा कोणीतरी. जिममध्ये आरसे चारी बाजूंनी.

दंडबैठक

बरोबर. दुसऱ्या क्षेत्रात बाई सुटलेलं पोट घेऊन कामावर गेली तर कोणी तिच्या कौशल्यावर शंका घेत नाही. इथे घेतात. व्यवस्थापक "जरा आधी शेपमध्ये या" म्हणतो तेव्हा तो जाहिरातीचा विचार करत असतो. ट्रेनरने तो स्वतःचा कार्यक्रम समजू नये. वजनं ठरवताना त्या दिवशीची झोप बघा. चार तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर सेट निम्मे करा, प्रत्येक सेटमध्ये तीन-चार रेप हातात राखून थांबा.

पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं, चिडचिड नेहमीची. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, बाळ झोपलं तरी झोप येईना, तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरकडे एडिनबरोची दहा प्रश्नांची चाचणी असते. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. व्यायामाने बरं वाटतं हे खरं, पण औषधाऐवजी व्यायाम असं ट्रेनरने स्वतःला सांगू नये, क्लायंटला तर मुळीच नाही.

टेकडीवाला

मान्य, तारखांवर हरलो. एक व्यवहारातला प्रश्न. नवव्या आठवड्यात क्लायंटला बॉक्स जंप किंवा जड डेडलिफ्ट शिकवायचा असेल तर करून न दाखवता कसा शिकवायचा?

दंडबैठक

उडी दाखवायची नाहीच. शेवटची जागा दाखवा: बॉक्सवर पाय ठेवून चढा आणि उतरण्याची बैठक धरून दाखवा, गुडघे कुठे, छाती कुठे. उडी त्याची त्याला मारू द्या, १५ सेंटिमीटरपासून. त्याच्याच फोनवर बाजूने शूटिंग घ्या आणि सेटच्या मधल्या वेळात थांबवून दाखवा. डेडलिफ्टला झाडूचा दांडा पाठीला लावायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेले राहिले पाहिजेत, तसं कंबरेतून वाकवून घ्यायचं. हे तुम्ही दांडा धरूनच शिकवू शकता. स्क्वॉटला स्पॉटऐवजी रॅकच्या सेफ्टी पिना, बार सगळ्यात खाली येतो त्याच्या दोन बोटं खाली. बेंचलाही तसंच. पिना नसलेल्या बेंचवर जड सेट त्या दिवशी होत नाही, क्लायंट कितीही मागे लागला तरी.

प्लेट क्लायंटलाच लावू द्या. त्याचाही वॉर्म-अप होतो, आणि आपण किती उचलतोय हे त्याला पहिल्यांदाच नीट मोजता येतं.